टोपीतली हिरवी डहाळी

परवा सकाळी कचऱ्याची पिशवी टाकायला दार उघडलं, तर समोरच्या कालव्यावर बर्फाची साय धरली होती. दोन बदकं त्या सायीवरून पाय घसरत चालली होती आणि काठावरचा म्हातारा शेजारी बुटाच्या टोकानं बर्फ दाबून बघत होता. उद्यापर्यंत धरेल बहुतेक, असं त्याचं म्हणणं. पाणी गोठायला लागलं की इथली माणसं लहान मुलं होतात आणि स्केट्स शोधायला माळ्यावर चढतात. मीही हसून मान डोलावली. पण माझे कान तापले होते. दरवर्षी असंच होतं. हवा अशी कोरडी आणि पांढरी झाली की मला तो कोरोनातला हिवाळा आठवतो आणि आमचा माळा आठवतो, आणि मी आपला उगाचच घाईघाईनं घरात येतो.

त्या हिवाळ्याची पहिली आठवण म्हणजे शांतता. अॅमस्टरडॅमच्या विमानतळाला लागून असलेल्या आमच्या बाडहूव्हडॉर्पमध्ये राहणाऱ्यांना बोलता बोलता थांबायची सवय असते. डोक्यावरून विमान जाईपर्यंत वाक्य तोंडात धरून ठेवायचं आणि मग पुढे बोलायचं. त्या वर्षी विमानंच नव्हती. धावपट्टीच्या कडेला ती रांगेनं नुसती उभी होती. तरी आम्ही बोलता बोलता थांबायचो, आणि त्या मोकळ्या जागेत कुणालाच काय करावं ते कळायचं नाही.

विमानं थांबली, तसं त्यांच्या पोटातल्या मालाचं नियोजन करणारं आमचं सॉफ्टवेअरही थांबलं. दिवाळीच्या आधी माझी नोकरी गेली. स्क्रीनवरच्या बाईंनी मला फार गोड शब्दांत सांगितलं की यात तुमचा काही दोष नाही. त्यांच्या मागून त्यांची मांजर निवांत चालत गेली. संध्याकाळी मुग्धा लायडनच्या तिच्या प्रयोगशाळेतून आली, मास्क काढून हात धुतले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "गेली तर गेली. माझी आहे ना? इथं राहायचं परमिटही माझ्याच नोकरीवर करून घेऊ. कुणी आपल्याला हाकलत नाहीये."

बायकोनं याहून शहाणं काय बोलायचं असतं? पण मला ते लागलं. मी म्हटलं, "कुणाला सांगू नकोस."

"कुणाला?"

"कुणालाच. रेवालाही नको."

रेवा, आमची मुलगी, तेव्हा दहा वर्षांची होती. मुग्धा माझ्याकडे बघत राहिली आणि मग भाजी चिरायला लागली. तिनं शब्द पाळला. त्याचीही आता लाज वाटते.

बेकारी लपवायला त्या वर्षाइतकं सोयीचं वर्ष दुसरं झालं नसेल. अख्खं जगच घरी बसलेलं. नोकरी होती तेव्हा मी चुरगळलेल्या टी-शर्टात काम करायचो. गेल्यावर मात्र रोज सकाळी शर्टाला इस्त्री करायला लागलो. कडक कॉलर, गळ्यात हेडसेट, हातात कॉफीचा मग, असा ऐटीत मी माळ्यावर जायचो आणि दार लावून घ्यायचो. तिथे काय करायचो? सुरुवातीला अर्ज. नंतर अर्जांची वाट बघणं. नंतर कुठल्या तरी अनोळखी माणसाशी ऑनलाइन बुद्धिबळ, आणि त्यातही हरणं. रेवानं दार वाजवलं की मी राजाला वाऱ्यावर सोडून म्हणायचो, "मीटिंगमध्ये आहे, बाळा."

दिवाळीचा कार्यक्रम इथल्या मराठी मंडळानं स्क्रीनवरच केला. सूत्रसंचालन वैशालीताईंचं. मनानं अतिशय चांगली बाई, पण त्यांना काही कळलं की ते लायडनपासून पार दक्षिणेतल्या बेस्ट गावापर्यंत कळायचं. फराळाची देवाणघेवाण मात्र बंद पडली नाही. दारात डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि लांब होऊन उभं राहायचं. आमचा पहिला डबा नेहमी केदारकडे जायचा. दोन गल्ल्या पलीकडे राहणारा केदार आमचा इथला सगळ्यात जुना मित्र. तोही विमानतळाच्याच धंद्यात, दुसऱ्या कंपनीत. त्याचा अर्णव रेवाच्या वर्गात. फरक इतकाच की त्यांच्या घरात एकाचीच नोकरी होती आणि तिघांचं इथलं राहणं त्या एका नोकरीवर उभं होतं.

मी मुद्दाम बुधवारची दुपार निवडली. बुधवारी इथल्या शाळा लवकर सुटतात, तर रेवाही बरोबर येईल. आणि केदार कामात असेल, म्हणजे बोलायला नको. डबा ठेवून पळ काढायचा असा बेत. बेलवरचं बोट काढायच्या आत दार उघडलं. केदार! अंगात इस्त्रीचा शर्ट, गळ्यात हेडसेट आणि खाली घरातला चट्टेरीपट्टेरी पायजमा. माझ्याही अंगात इस्त्रीचा शर्ट. माझ्याही गळ्यात हेडसेट; तो काढायचं मी विसरलो होतो, की मुद्दाम ठेवला होता, आता सांगता येत नाही.

"अरे, तू या वेळेला?" केदार म्हणाला.

"ब्रेक घेतला जरा. तू?"

"कॉल चालूय रे. म्यूटवर टाकून आलो."

"हो, हो, माझाही आहे आता."

"खूप लोड आहे ना सध्या?"

"विचारू नकोस."

मग त्यानं डबा उचलला, वर धरून वास घेतला आणि म्हणाला, "डबा नंतर देतो हं. रिकामा कसा देऊ?"

"सावकाश दे रे," मी म्हणालो.

परतताना रेवा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होती. "बाबा, तुझ्या हेडसेटचा लाइट ऑफ होता," ती इंग्रजीत म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं आणि चिडली की डचमध्ये. मी म्हटलं, "बॅटरी गेली असेल." ती थोडं चालली आणि म्हणाली, "केदारकाकाचापण."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मूग गिळून चालण्यात मी तोवर चांगलाच तयार झालो होतो.

डबा काही परत आला नाही. नाताळ आला, शाळा पुन्हा बंद झाल्या, रेवा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन शिकायला लागली. तरी केदारकडून डबा नाही. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, आणि त्यात काही घालायचं तर दारात उभं राहून चार शब्द बोलावे लागतात. मला डबा नको होता आणि त्याला द्यायचा नव्हता. दोघं एकमेकांना बिझी समजण्यात सुखी होतो.

जानेवारीत रेवाचं स्प्रेकब्यूर्त होतं. इथल्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलावं लागतं. मुलं त्यासाठी ससे आणतात, आजोबांची पदकं आणतात, एकानं म्हणे स्वतःचा पडलेला दात आणला होता. रेवानं शेतकरी निवडले. आदल्या वर्षी आम्ही महामार्गावर निदर्शनाला निघालेल्या ट्रॅक्टरांच्या मागे अडकलो होतो, तेव्हापासून तिला शेतकऱ्यांचं वेड लागलं होतं. पण तिला इथले शेतकरी नको होते, ते सगळेच घेणार होते. एका पुस्तकात तिला एक चित्र सापडलं होतं. एका कोर्टाच्या पायऱ्यांवर गच्च उभी राहिलेली माणसं, पुढे एक ढोलवाला आणि सगळ्यांच्या टोप्यांत हिरवी डहाळी. अमेरिका नुकती स्वतंत्र झाली होती तेव्हाची, मॅसॅच्युसेट्समधली माणसं.

"बाबा, तुझ्या लंच ब्रेकमध्ये मला हेल्प करशील?"

मला दिवसभर लंच ब्रेकच होता. तरी मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "थोडा वेळ काढतो."

असे ते आमचे लंच ब्रेक सुरू झाले आणि रोज लांबत गेले. टेबलावर डाळभाताची ताटं, खिडकीबाहेर पांढरट उजेड आणि मध्ये ती अडीचशे वर्षांपूर्वीची माणसं. इंग्रजांच्या राजाशी लढून ती जिंकून आली होती. पगाराच्या जागी हातात कागद मिळाले होते आणि ते कागद बाजारात कुणी घेईना. सरकारला मात्र कर नाण्यांतच हवा होता, सावकारालाही नाणीच हवी होती. मग कोर्ट. कोर्ट बसलं की कुणाची गाय जायची, कुणाचं शेत, आणि कुणी तुरुंगात. नव्या देशावरही कर्ज होतं, त्यातलं काही तर अॅमस्टरडॅमच्या सावकारांचं.

"आपल्या अॅमस्टरडॅमचं?" रेवानं घास तसाच ठेवला.

"हो."

"मग आपण वाईट आहोत का गोष्टीत?"

कोण आपण, हा प्रश्न माझ्या मनात आला, पण विचारला नाही. दहा वर्षांच्या मुलीला तो पडत नाही, हे किती चांगलं.

मला मात्र बंडापेक्षा बंडाच्या आधीचे दिवस दिसायला लागले. पुस्तकात ते नव्हते, माझे मीच भरले. नोटीस घेऊन येणारा माणूस दिसला की गोठ्यामागे जाऊन उभा राहणारा एखादा. रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसणारा, प्रार्थना संपायच्या आत निघणारा. लढाईतल्या जुन्या मित्राला वाटेत टाळणारा. आणि तो मित्रही दुसऱ्या वाटेनं जाणारा, कारण त्याच्याही घरी तशीच नोटीस. एक दिवस मी हे रेवाला बोलून दाखवलं.

"पण सगळ्यांना सेम प्रॉब्लेम होता," ती म्हणाली. "मग ते बोलले का नाहीत?"

"लाज वाटत असेल."

"कुणाची?"

"एकमेकांची."

"दॅट्स स्टुपिड, बाबा."

"हो," मी म्हणालो आणि ताट उचलून सिंककडे गेलो. माझी पाठ तिच्याकडे होती, ते बरं झालं.

आणि मग कधीतरी ती माणसं घराबाहेर पडली. कुणालाही न मारता कोर्टाच्या पायऱ्यांवर जाऊन नुसती उभी राहिली. न्यायाधीश आले, त्यांनी गर्दी बघितली आणि ते माघारी गेले. कोर्ट बसलंच नाही, तर गाय कशी जाणार? टोपीत त्यांनी हेमलॉकची डहाळी खोवली होती. ख्रिसमसच्या झाडाच्या भावकीतलंच ते झाड. डहाळी दिसली की समजायचं, हा आपल्यातला. सरकारच्या बाजूचे लोक टोपीत पांढरा कागद खोचायचे. मला वाटतं, त्या डहाळीसाठीच त्यांना सगळ्यात जास्त धीर लागला असेल. बंदूक माणूस रागातही उचलतो. पण मी बुडालोय, मीही त्यातलाच, हे डोक्यावर खोचून गावातून चालत जायचं म्हणजे काय, ते मी माळ्यावर बसून नीट समजू शकत होतो.

पुढची गोष्ट रेवाला आवडली नाही. हिवाळ्यात ते शस्त्रागारावर चालून गेले, तोफ उडाली, चौघं मेले. बाकीचे बर्फातून पांगले आणि पकडले गेले. बहुतेकांना माफी मिळाली, पण शस्त्रं खाली ठेवून, निष्ठेची शपथ घेऊन. आणि काही वर्षं मत द्यायचं नाही, शाळेत शिकवायचं नाही, खानावळसुद्धा चालवायची नाही. "सॉरी म्हणावं लागलं त्यांना?" रेवानं विचारलं. साधारण तसंच, मी म्हटलं. तिनं तो भाग लहान अक्षरांत लिहिला.

जानेवारीत इथे गल्लोगल्ली टाकून दिलेली ख्रिसमसची झाडं पडलेली असतात. बोलायच्या दिवशी सकाळी तिनं फुटपाथवरच्या एका झाडाच्या मूठभर डहाळ्या मोडून आणल्या. घरभर राळेचा वास सुटला. एक डहाळी तिनं स्वतःच्या टोपीत खोवली आणि दिवाणखान्यात लॅपटॉपसमोर बसली. मी इस्त्रीचा शर्ट घालून वर गेलो. "ऑल द बेस्ट. मला महत्त्वाचा कॉल आहे," असं म्हणून गेलो. माझ्या मुलीला मी ते म्हणालो.

पण वर बसवेना. दार हळूच उघडून मी जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन बसलो. इथले जिने इतके उभे असतात की पायरीवर बसलं की गुडघे छातीला लागतात. तिथून मला तिची पाठ आणि टोपीतली डहाळी दिसत होती. ती डचमध्ये बोलत होती, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईनं. मला सगळं कळत नव्हतं, पण कुठल्या जागी काय येणार ते पाठ होतं. पायऱ्यांशी आली तेव्हा तिनं टेबलावर बोटांनी ढोल वाजवला.

मग प्रश्न झाले. कुणीतरी विचारलं, त्यांच्याकडे ट्रॅक्टर होते का? सगळे हसले. शेवटी त्यांच्या यूफनं, म्हणजे बाईंनी, विचारलं, की इतके दिवस ते गप्प का राहिले?

"कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत," रेवा म्हणाली. डचमध्येच, पण हे वाक्य मला पूर्ण कळलं. ती थांबली, विमान जाऊ देताना थांबतो तशी. मग म्हणाली, "माझ्या बाबाचंही तसंच आहे. त्याला नोकरी नाही. त्याला वाटतं मला माहीत नाही."

यूफ काही बोलायच्या आत कुणाचा तरी माइक सुरू झाला. अर्णवचा आवाज आला, अगदी बारीक.

"मैन फाडर ओक."

माझ्या बाबाचंही.

मी पायरीवरून उठलो नाही. वर जाता येईना, खाली जाता येईना. गळ्यातला हेडसेट तेवढा काढून बाजूला ठेवला. तीन महिने ही पोर माझं गुपित माझ्यापासूनच सांभाळत होती. माझ्या बंद दाराशी चहा आणून ठेवताना, मीटिंग आहे म्हटल्यावर पाय न वाजवता खाली जाताना, लंच ब्रेकची विनंती करताना. मला कमीपणा वाटू नये म्हणून! नोकरी जाण्याची लाज मला कधीच वाटेनाशी झाली आहे. ही जात नाही.

लॅपटॉप मिटून ती वळली तेव्हा तिनं मला पाहिलं. तिचा चेहरा पडला. "सॉरी, बाबा," ती म्हणाली. "ते एकदम बाहेर आलं."

केदार पुढे मार्चमध्ये सहकुटुंब पुण्याला परतला. मंडळानं स्क्रीनवर निरोप दिला. "आई-बाबांचं वय झालंय, त्यांच्याजवळ असावं असं वाटलं," तो म्हणाला. त्या वर्षी परतणारे सगळे हेच म्हणायचे आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. कितीजणांच्या आई-बाबांवर आम्ही ते ओझं टाकलं, देव जाणे. वैशालीताईंचे डोळे भरून आले. मी कॅमेरा सुरू केला आणि म्हणालो, "अगदी योग्य निर्णय, केदार." त्याचं खरं कारण मला माहीत होतं, आणि त्यालाही माझं. मला पुढे बेस्टला नोकरी मिळाली. मधल्या काळात काय करत होतात, असं कुणी विचारलं की मी अजूनही "फ्रीलान्सिंग" म्हणतो.

पण स्प्रेकब्यूर्तच्या त्या दिवशी, रेवाचं सॉरी अजून हवेतच होतं, तेव्हा दाराची बेल वाजली होती.

दारात केदार उभा होता. कानटोपी, जॅकेट आणि जॅकेटच्या आत, या वेळी, चुरगळलेला टी-शर्ट. हातात आमचा डबा. त्यानं तो पायरीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला.

"रिकामाच आणलाय रे," तो म्हणाला.

मी डबा उचलला. हलका होता. झाकणावर थंडीचं दव धरलं होतं. "कधीपासून?" मी विचारलं.

"सप्टेंबर. तू?"

"ऑक्टोबर."

"म्हणजे दिवाळीत…"

"हो."

आधी तो हसायला लागला, मग मी. फराळ, पायजमा, म्यूटवर टाकलेला कॉल, सगळं एकदम आठवून आम्ही दारात उभे राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. इतक्या महिन्यांत मला इतकं मोकळं वाटलं नव्हतं. रेवा आतून धावत आली. बाहेर गोठत होतं म्हणून तिनं माझ्या डोक्यावर लोकरी टोपी चढवली आणि तिच्या दुमडलेल्या काठात एक डहाळी खोचली. दुसरी तिनं हात लांब करून केदारकाकापुढे धरली. त्यानं ती घेतली, नाकाशी नेली आणि आपल्या कानटोपीत खोवली. ती आमच्याकडे बघत पायरीवर उभी राहिली. तिचं चित्र तिला खरं झालेलं दिसत होतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरून सायकलची घंटा वाजली. वैशालीताई. लाल मफलर, पुढच्या टोपलीत भाजी. वेग कमी करत त्या ओरडल्या, "काय मंडळी, दोघंही बाहेर? आज सुट्टी वाटतं?"

"नाही हो," केदार म्हणाला, "लंच ब्रेक!"

"हो ना, पाय मोकळे करतोय जरा," मी म्हणालो.

वैशालीताई हसल्या, हात हलवून पुढे गेल्या. मी केदारकडे पाहिलं. त्याचा हात टोपीवरून खाली येत होता आणि मुठीत हिरवं काहीतरी चुरगळलेलं होतं. माझ्याही मुठीला राळ चिकटली होती.

रेवा तिथेच पायरीवर उभी होती, आणि तिच्या टोपीतली डहाळी तिनं काढली नव्हती.